डीव्हीडी रायटरच्या डब्यात ३.५ इंची डिस्क: काम कुठवर आलंय

डेस्कटॉप मोडीत काढताना दोन गोष्टी हाती लागल्या: १ टीबीची ३.५ इंची हार्ड डिस्क आणि एक डीव्हीडी रायटर. पट्टी लावून मापं घेतली आणि एन्क्लोजरसाठी (डिस्क यूएसबीने बाहेरून जोडता यावी म्हणून लागणाऱ्या पेटीसाठी) डबा विकत घ्यायचा विचार तिथेच सोडला. रायटर १४६ मिमी रुंद आणि ४१ मिमी उंच, तर डिस्क साधारण १०२ मिमी रुंद आणि २६ मिमी उंच. म्हणजे शेजारी सर्किट बोर्डाला जागा आणि वर हवा खेळायलाही जागा. अट एकच, रायटर जुन्या घडणीचा, लांब हवा. अलीकडचे आखूड असतात, त्यांत डिस्कमागे कनेक्टर वळवायला जागा उरत नाही.

डबा फुकटात मिळाला, म्हणून बजेट जवळजवळ सगळं विजेवर आणि बोर्डावर लावलं. माझ्या मते कंजुषी इथे करूच नये. २.५ इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, ३.५ इंचीला १२ व्होल्टही लागतात. डिस्कच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर अर्धा-पाऊण अँपिअर दिसतो, पण तो फिरायला लागल्यानंतरचा. थांबलेल्या प्लॅटर (डिस्कच्या आतल्या फिरत्या तबकड्या) वेगात आणताना काही सेकंद २ अँपिअरपर्यंत ओढ लागू शकते. अडॅप्टर तिथे कमी पडला की डिस्क टकटक करत पुन्हा पुन्हा सुरू होते आणि माणूस डिस्कलाच खराब ठरवतो. म्हणून १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर घेतला. रिकामा असताना मल्टिमीटरवर १२.२ दिसले, डिस्क सुरू होताना ११.८. इतका उतार चालतो.

बोर्ड यूएसबी ३.० ते साटा (डिस्कची स्वतःची जोडणी), १२ व्होल्टच्या सॉकेटवाला. घेताना विक्रेत्याला चिपचा नंबर विचारा. माझ्या बोर्डावर जेएमएस५७८ आहे. तो यूएएसपी (यूएसबीवरून डेटा जलद नेण्याची पद्धत) चालवतो आणि स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीची, माहितीही पुढे पाठवतो. ही दुसरी गोष्ट मला वेगापेक्षा मोलाची वाटते, कारण जुन्या डिस्कचे खराब होऊन बदललेले सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे) आणि तापमान पाहायची सोय हवीच.

डब्याचं काम सगळ्यात रंगलं. ट्रे, मोटर, लेन्स सगळं काढलं (लेझरचा भाग जपून बाजूला ठेवा, त्याला वीज देऊन पाहू नका). तळाच्या पत्र्याला चार भोकं पाडली आणि कानशीने धार घासून घेतली. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते. ती पत्र्यावर थेट कसली तर डबा घुमतो. म्हणून सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून, थरावर थर देऊन, डिस्क आणि पत्र्याच्या मध्ये घातल्या. घुमणं थांबलं, शिवाय डिस्कखालचं सर्किट पत्र्यापासून वर उचललं गेलं. स्क्रू कॅबिनेटमधलेच, जाड आट्यांचे, वापरा. २.५ इंचीचे एम३ स्क्रू इथे धरत नाहीत. डिस्कवरचं बारीक श्वासछिद्र कशानेही झाकू नका. साटा एक्स्टेन्शन केबलने बोर्ड बाजूच्या जागेत वळवून ठेवला आणि त्याच्याखाली प्लास्टिकचा जाड कागद घातला.

सध्या झाकण बंद करून मोठी फाइल कॉपी करताना तापमान ४७ अंशांवर जातं. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० असते, तरी उन्हाळ्यासाठी मला ४५ च्या आत हवंय. आधी मागच्या पत्र्याला भोकांची ओळ पाडून बघतो, पंखा त्यानंतर. पुढचं तोंड ३ मिमी ॲक्रिलिकचं करायचं आहे. तेवढं झालं की स्मार्टची लांब चाचणी लावतो आणि मगच फोटोंची दुसरी प्रत या डिस्कवर उतरवतो.