दिवे घाटातली काठी

आमच्या चौघांच्या टोळीला चालण्याचा माज होता, हे आधीच कबूल करतो. दर रविवारी अंधारात उठून सिंहगड, पावसाळ्यात राजगड-तोरणा, आणि २०१७ साली लडाखच्या शीत वाळवंटातलं स्तोक कांगरी. उंची ६,१५३ मीटर. झाड नाही, झुडूप नाही, नुसता तपकिरी डोंगर आणि पायाखाली सरकणारा दगडांचा चुरा. २०२० साली ते शिखर चढाईला बंद झालं, त्यामुळे आमच्या बढाईचा भाव आणखीच चढलेला. त्यामुळे पुणे ते सासवड एक दिवस वारीत चालायचं ठरलं तेव्हा लंबू म्हणाला, "तीसेक किलोमीटर, तोही डांबरी रस्ता. दोन वाजता पोचू, एसटीने परत येऊ, संध्याकाळचा चहा घरी."

लंबूकडे घडीची काठी होती. स्तोक कांगरीच्या वेळी घेतलेली, कार्बनची, वजनाला पिसासारखी. ती त्याने सॅकला अडकवली.

सोसायटीतल्या माळीकाकांच्या गावची दिंडी माऊलींच्या पालखीच्या रथामागे चालते. त्यांच्याच ओळखीने आम्हाला आत घेतलं. आम्ही भिशी, म्हणजे दिंडीची जेवणखाण्याची वर्गणी, भरलेली नाही, आम्ही एका दिवसाचे पाहुणे, हौशे-नवशे-गवशांपैकी पहिल्या जातीचे, हे दिंडीतल्या प्रत्येकाला बघताक्षणीच कळत होतं. त्याला लंबूचे बूटच पुरेसे होते. विणेकरीबुवांनी एकच गोष्ट सांगितली: "ओळ मोडायची नाही, माऊली. बाकी काय ते चालता चालता कळेल."

ज्येष्ठ वद्य एकादशी. माऊलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरातून पहाटेच निघालेली. दोन दिवस पुणं अडवून बसलेला हा सगळा संसार एका सकाळीत उठून चालू लागतो, हे दरवर्षी बाल्कनीतून पाहिलं होतं. खालून ते वेगळं दिसतं. खालून काहीच दिसत नाही. पुढच्याचा सदरा दिसतो, वर एखादी पताका, आणि कानात टाळ.

आणि वेग! हडपसरपर्यंत मी शंभर वेळा घड्याळ पाहिलं असेल. दहा पावलं चालायची, थांबायचं. पुढे कुणीतरी फुगडी घालतंय, थांबायचं. मग मधे मोकळी जागा पडली की सगळी दिंडी टाळ सावरत पळत सुटते, आणि पुन्हा थांबा. सिंहगडावर आम्ही ज्या चालीने जातो तिच्यात श्वास आणि पाऊल यांचं काहीतरी गणित बसलेलं असतं. इथे ते मृदंगवाल्याच्या हातात. ओलांडून पुढे जायचं म्हटलं तर पुढेही तीच गर्दी, आणि रथापुढे आणखी सत्तावीस दिंड्या. लंबूने एकदा कडेने सटकायचा प्रयत्न केला. एका पोलिसाने अडवलं, पण तोही हात जोडून: "माऊली, ओळीत चला." त्या दिवशी पोलीसही माऊली, केळीवालाही माऊली आणि ज्याच्या पायावर पाय पडला तोही माऊली. एरवी पुण्यात पाय पडल्यावर काय ऐकू येतं ते सांगायला नको.

हडपसरला दोन्ही पालख्या वेगळ्या होतात. तुकोबा सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोरला, माऊली उजवीकडे वळून सासवडच्या वाटेला. आमच्या डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक नव्हतं. "म्हणजे आता पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत भेट नाही?" असं एका टाळकऱ्याला विचारताना तिचा आवाज जरा कापरा झाला, आणि मग दिवसभर आम्ही तिला त्यावरून चिडवलं.

लंबूची पहिली चूक हडपसरलाच झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक हातात कोंबत होते: केळी, राजगिऱ्याचे लाडू, द्रोणात साबुदाण्याची खिचडी. उरुळी देवाचीपर्यंत मी तीन ठिकाणी खिचडी खाल्ली, आणि उपास म्हणजे नक्की काय हा प्रश्न मनात आणला नाही. लंबूला साबुदाणा सोसत नाही. तो गुपचूप एका गल्लीत जाऊन वडापाव खाऊन आला आणि आला तो लसणाचा वास घेऊन. मागच्या ओळीतल्या एका आजींनी नाकाला पदर लावला. बोलल्या मात्र काहीच नाहीत.

त्या आजी परभणीकडच्या. डोक्यावर तुळस, पायात रबरी चपला, त्यातल्या एकीचा अंगठा सुतळीने बांधलेला. पाऊस लांबला म्हणून पेरणी मुलावर सोपवून आल्या होत्या. वडकीला दुपारच्या विसाव्यात आम्ही त्यांच्याजवळच पथारी टाकली. लंबूने बूट काढले, तेव्हा दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड. डांबराच्या उन्हात जाड बूट म्हणजे भट्टीच. बर्फावर चालण्यासाठी बनवलेले ते. त्यांचा तरी काय दोष. डॉक्टरीणबाईंनी मलमपट्टी केली. आजी बघत होत्या.

"किती वर्सं झाली चालायला लागून?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा," लंबू म्हणाला. "लडाखला पण गेलोय, आजी. हिमालयात."

"मग आज काय झालं?"

याला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. विषय बदलायला लंबूने ती घडीची काठी काढली, फटाफट उघडून दाखवली, पुन्हा मिटवून दाखवली. आजींना ती फार आवडली. दोनदा स्वतः उघडमीट करून त्यांनी ती शेजारणीकडे दिली आणि मग ती काठी बायकांच्या अख्ख्या ओळीतून फिरून आली.

दिवे घाट आमच्या हिशेबात घाटच नव्हे. चारेक किलोमीटरचा, गाडीने दहा मिनिटांत चढतो, खाली मस्तानी तलाव दिसतो तेवढाच. पण दुपारी चारनंतर वडकीतून वर पाहिलं तेव्हा रस्ता दिसेना. वळणावर वळण, आणि प्रत्येक वळण पांढऱ्या टोप्यांनी आणि हिरव्या-तांबड्या लुगड्यांनी भरलेलं. घाटासाठी माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. ते बैल मान खाली घालून ओढतात तेव्हा दोन्ही बाजूंनी जो गजर होतो तो ऐकू येत नाही, छातीत बसतो. आम्ही रथाच्या बरेच मागे होतो, तरी तो गजर वळणा-वळणाने खाली आमच्यापर्यंत यायचा, आमच्या दिंडीतून जायचा आणि आणखी मागे सरकत जायचा.

स्तोक कांगरीच्या शेवटच्या रात्री वाटाड्या सारखा हळू चला, हळू चला म्हणत होता. आम्ही तेव्हाही ऐकलं नव्हतं. एकाला उलट्या झाल्या होत्या. इथे कुणी सांगितलं नाही. टाळ सांगतो तेवढंच पाऊल. तिसऱ्या वळणापर्यंत माझ्या लक्षात आलं की मी घड्याळ बघायचं विसरलोय. चौथ्या वळणावर ते लक्षात आलं म्हणून पुन्हा पाहिलं. सवय.

वाऱ्याची एक गंमत सांगायची राहिली. पुण्यातून निघताना भुरभुर होती, सदरे ओले झाले होते. घाट चढून झेंडेवाडीला आलो तर जमीन कोरडी ठणठणीत. सह्याद्रीने पाऊस पश्चिमेलाच गाळून घेतलेला असतो. पुरंदरच्या पूर्वेकडे उरतो तो वारा. अंजीर आणि सीताफळ इथलं उत्तम, कारण या झाडांना थोड्या पाण्यात भागवता येतं. माथ्यावर लोक विठ्ठलाच्या उंच मूर्तीजवळ थांबून फोटो काढत होते. आजींची ओळ थांबली नाही. आम्हाला मात्र माथ्यावर थांबून पाठ थोपटून घ्यायची जुनी खोड. आम्ही थांबलो, चार फोटो काढले, आणि वळून बघतो तर दिंडी गायब. पुढचे सहा-सात किलोमीटर आम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी दिंडीच्या मागून चाललो. त्यांनीही काही विचारलं नाही.

सासवडला पोचेपर्यंत अंधार पडला होता. घरचा चहा, एसटी वगैरे गोष्टी कुणी काढल्या नाहीत. आणि तिथे, सोपानकाकांच्या समाधीच्या त्या गावात, लंबूच्या लक्षात आलं की काठी नाही. घाटात पाण्याच्या टँकरपाशी बुटाची नाडी बांधताना कठड्याला टेकवली होती. "साडेचार हजारांची," तो म्हणाला, आणि मातीत फतकल मारून बसला.

माळीकाका म्हणाले, समाजआरतीला थांबा.

पालखीतळावर सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या. शेकडो टाळ-मृदंग एकदम वाजतात तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. मग चोपदाराने चांदीचा दंड उंचावून "होऽऽऽ" अशी हाक दिली, आणि सगळं थांबलं. झपकन. एक लहान मूल रडत होतं ते तेवढं ऐकू आलं. एक दिंडी मात्र टाळ वाजवतच राहिली. माळीकाका कुजबुजले, "त्यांची तक्रार असेल." चोपदार त्यांच्याकडे गेले, ऐकून घेतलं, टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं सुरू झालं. एक चष्मा. एक पाकीट. किल्ल्यांचा जुडगा. एक पडशी.

"एक काठी. घडीची. परभणीच्या मायबाईंना घाटात सापडली. त्यांचं म्हणणं, लंगडणाऱ्या पोराची आहे."

आसपास हशा पिकला. लंबू उठला आणि टाचा उचलत, एकेकाच्या खांद्याला धरत, वाट काढत चोपदारांकडे निघाला. ओळख पटवून द्यायला त्याला कुणी सांगितलं नाही.