तुम्ही विचारलंत म्हणून: सिरानो गप्प का राहिला?

"पण त्याने सांगितलं का नाही?"

आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या वाचनाच्या बैठकीत मी 'सिरानो द बर्जराक' या नाटकाची गोष्ट सांगितली, की हा प्रश्न येतोच. गेल्या महिन्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी तर रागावूनच म्हणाली, "काकू, दर आठवड्याला तिच्यासमोर जाऊन बसत होता ना? मग एक वाक्य बोलायला काय झालं होतं?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एदमों रोस्तां या फ्रेंच नाटककाराचं हे पद्यनाटक. पहिला प्रयोग पॅरिसला, 28 डिसेंबर 1897 ला. रोस्तां तेव्हा 29 वर्षांचा होता. नाटकातला सिरानो सैनिक आहे, कवी आहे, तलवार चालवता चालवता कविता रचतो. पण नाक भलतंच मोठं, आणि त्यापायी आपल्यावर कुणाचं प्रेम बसेल हे त्याला खरंच वाटत नाही. त्याचं मन नात्यातल्या रोक्सानवर. तिचं मन देखण्या क्रिस्तियांवर, ज्याला तिच्यासमोर शब्द फुटत नाही. मग सिरानो त्याच्या नावाने पत्रं लिहितो, रात्री सज्जाखाली अंधारात उभा राहून त्याच्याऐवजी बोलतो. त्या बोलण्यावर रोक्सान भाळते आणि लग्न क्रिस्तियांशी करते.

सज्जाचा प्रवेश सगळ्यांना आठवतो. मला रडवलं ते चौथ्या अंकाने.

अरासच्या लढाईत सिरानो आणि क्रिस्तियां उपाशीतापाशी अडकलेले. सिरानो शत्रूच्या फळीतून जीव धोक्यात घालून रोज रोक्सानला लिहिलेली पत्रं टाकून येतो. दिवसाला दोन-दोन पत्रं जातात, हे क्रिस्तियांला माहीतही नाही. ती पत्रं वाचून रोक्सान थेट रणांगणावर येते आणि नवऱ्याला सांगते, आधी मी तुझ्या रूपावर भुलले होते, आता फक्त तुझ्या मनावर प्रेम करते. तू कुरूप असतास तरी केलं असतं. तिला वाटतं, हे ऐकून तो सुखावेल. क्रिस्तियां मात्र तिथेच हरतो. ती कुणावर प्रेम करते आहे, हे त्याला कळतं. तो सरळ मनाचा गडी आहे. सिरानोला म्हणतो, सगळं सांग तिला, तिलाच निवडू दे.

सिरानो तिला विचारतो. कुरूप असता तरी? ती म्हणते, तरीही. आता तो बोलणार, ओठांवर आलेलं आहे, एवढ्यात गोळी लागलेल्या क्रिस्तियांला उचलून आणतात. सिरानो त्याच्या कानाशी लागून सांगतो, मी तिला सगळं सांगितलं. तिचं प्रेम तुझ्यावरच आहे.

पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या खोट्यात आहे. त्याआधी सिरानो भीतीने गप्प होता, नाकाला कुणी हसेल म्हणून. पण मरणाऱ्या माणसाला ते सांगून बसल्यावर गोष्ट त्याची एकट्याची उरली नाही. शेवटचं पत्र रोक्सान छातीशी जपून ठेवते. त्यावर क्रिस्तियांचं रक्त आहे आणि अश्रूंचा डाग आहे. अश्रू सिरानोचे, पण तिच्या लेखी दोन्ही नवऱ्याचेच. "ते पत्र माझं" म्हणायचं, तर एका मेलेल्या माणसाकडे उरलेली एकुलती एक गोष्ट काढून घ्यायची. आणि तिचंही वैधव्य खोटं ठरवायचं. त्याच्याने ते झालं नाही.

बैठकीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, आम्हाला राम गणेश गडकऱ्यांचा घनश्याम पटतो, हा नाही पटत. इथून तासाभरावरच्या सावनेरला 23 जानेवारी 1919 ला गडकरी गेले, ते 'भावबंधन' नाटकाचं शेवटचं लिखाण हातावेगळं करूनच. त्यातला घनश्याम लतिकेने केलेल्या अपमानाचा सूड उगवायला निघतो. झिडकारलेला माणूस पेटून उठतो, हे मलाही समजतं. पण गप्प राहून येत राहणारा माणूस मी पाहिलेला आहे.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. त्यांचे एक मित्र महालातून सायकलने दर रविवारी आमच्याकडे यायचे. ओसरीवर बसायचे आणि आठवड्याच्या बातम्या आईला सांगायचे: कुणाकडे बारसं झालं, बर्डीवर कुठलं दुकान बंद झालं, धनवटे रंगमंदिरात कोणतं नाटक लागलंय. कपभर चहा घेऊन बाराच्या आत निघायचे. लग्न केलं नव्हतं त्यांनी. आई त्यांना भाऊजी म्हणायची.

मी नाटक वाचलं ते 1988 च्या मे महिन्यात, बर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेलं इंग्रजी भाषांतर, भर दुपारी कूलरसमोर पालथी पडून. पाचव्या अंकात पंधरा वर्षं उलटलेली आहेत. विधवा रोक्सान राहते त्या मठाच्या बागेत पानगळ चालू आहे. सिरानो दर शनिवारी येतो आणि रोक्सानला आठवड्याच्या बातम्या सांगतो, वार आणि तारखेसकट. त्या दिवशी मात्र त्याला पहिल्यांदाच उशीर होतो. वाटेत कुणीतरी वरून त्याच्या डोक्यात लाकडाचा ओंडका घातलेला आहे. हॅट खाली ओढून जखम झाकत तो तसाच आलाय. शनिवारच्या बातमीपाशी त्याचे डोळे मिटतात. मी पुस्तक खाली ठेवलं. मला आमच्या फाटकाची कडी ऐकू येत होती.

पुढे तो ते जुनं पत्र मोठ्याने वाचतो. अंधार पडतो, तरी वाचतच राहतो, आणि पाठ असल्याशिवाय असं वाचता येत नाही हे रोक्सानला उमगतं. तरी तो नाकारतोच. "नाही, नाही, माझ्या प्राणा, माझं तुमच्यावर प्रेम नव्हतंच." नाही म्हणतानाही तोंडून 'माझ्या प्राणा' निघून जातं. मरताना त्याच्या तोंडी शेवटचा शब्द येतो तो 'पनाश', म्हणजे टोपीवरचा पिसारा, आणि ऐटही. मराठीत मी त्याला तुरा म्हणते. आपल्या तुऱ्यातही फेटा आणि मान दोन्ही आहेत.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आईला सगळी गोष्ट सांगितली. ती लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. भाऊजींचं नाव मी काढलं नाही. पुढेही कधी काढलं नाही. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला कुणी खाऊ घालत होतं की नाही?"

मी सांगितलं, मठातली एक जोगीण त्याला सूप प्यायला बोलवायची, तो उपाशी असतो हे तिला कळलं होतं.

"आणि ही?"

पुढच्या रविवारी भाऊजी आले. बातम्या झाल्या, चहा झाला, ते चपला घालायला उठले. आई आतून म्हणाली, "भाऊजी, आज जेवून जा. वडाभात केलाय." ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग सायकलची किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि हात धुवायला नळाकडे गेले.