रविवारची गोळी

न्यूमोनिया झाला म्हणून आईला अॅडमिट केलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिची औषधांची पिशवी मी ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी एकेक स्ट्रिप बघून चार्टवर नावं उतरवली. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी रात्री सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. वाटीतली छोटी पिवळी गोळी बघून आई म्हणाली, "आज रविवार आहे का?"

आईला आमवात आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट, 7.5 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. आमच्या घरी तिचं नावच रविवारची गोळी. चार्टवर मात्र ती रोज रात्री एक अशी चढली होती. वार कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही. हे औषध रोज पोटात गेलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, तोंडात फोड येतात, जिवावर बेततं. त्यात आईला आधीच जंतुसंसर्ग.

"डॉक्टरांनी लिहिलंय, घ्या आजी," असं त्या सिस्टर म्हणू शकल्या असत्या. त्यांनी गोळी परत घेतली आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच मुद्दे नर्सिंगमध्ये शिकवतात. आईच्या बाबतीत पहिले चार बरोबर होते.

सकाळी मी सगळी औषधं पुन्हा जुळवून घ्यायची विनंती केली. फार्मासिस्ट मॅडम जुन्या प्रिस्क्रिप्शनसह आईजवळ बसल्या. प्रत्येक औषधाला तेच प्रश्न: किती, कधी, कशासाठी, शेवटची गोळी कोणत्या दिवशी घेतली? तेव्हा लक्षात आलं, थायरॉईडची गोळी चार्टवर नव्हतीच. उपाशीपोटी घ्यायची म्हणून ती बाटली गॅसच्या ओट्यावर असते, पिशवीत आलीच नव्हती. संधिवाताच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट न्यूमोनिया बरा होईपर्यंत बंद ठेवायला सांगितलं.

घरी जायच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात आलं. मी ओळ न् ओळ वाचली. मेथोट्रेक्सेट, रोज रात्री एक! पहिल्या रात्रीच्या कागदावरून उतरवलेलं. बिल भरून झालं होतं, रिक्षा खाली उभी होती, तरी नवीन कार्ड मिळेपर्यंत आम्ही हललो नाही. त्यावर आता ठळक लिहिलंय: "सध्या बंद. तपासणीनंतर सांगितल्यावरच सुरू, फक्त रविवारी." आईने चष्मा लावून ते स्वतः वाचलं, मगच उठली.