घंगाळ, परात, रोवळी : क्रॉफर्ड मार्केट ते मटन स्ट्रीट

घर सजवायला जुनी भांडी आणि टोपल्या शोधत मुंबईत फिरायचं असेल, तर शुक्रवार आणि रविवार टाळा. शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची, म्हणजे आपल्या चोर बाजारातली, दुकानं बंद असतात. त्या दिवशी सकाळी आसपासच्या रस्त्यांवर जुना बाजार भरतो, पण त्या गर्दीत एखादी वस्तू उलटसुलट करून निरखायला उसंत मिळत नाही. रविवारी पायधुनीकडची बरीचशी घाऊक दुकानं बंद. आम्ही शनिवार गाठला. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्या गिरगावच्या चाळीत वाढली, एकत्र कुटुंबातली भांडी तिने घासली आहेत, त्यामुळे कुठलं भांडं कशासाठी होतं हे तिला नुसत्या आकारावरून कळतं. अशी एक बाई किंवा बुवा ओळखीत असेल तर नक्की बरोबर न्या. निम्मं काम तिथेच होतं.

सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटपासून सुरुवात केली. 1869 ची ही इमारत. दर्शनी कमानींवरची लॉकवुड किपलिंग यांची शिल्पं मान वर करून पाहावीत आणि मगच आत शिरावं. टोपल्या बघायला मुंबईत याहून चांगली जागा नाही, कारण इथे त्या अजून राबताहेत. रुंद टोपली घेऊन गिऱ्हाइकाच्या मागे चालणारे पाटीवाले आहेत, फळांच्या दुकानांत गवतावर मांडलेल्या टोपल्या आहेत, आणि भेटवस्तूंसाठी वेताच्या-बांबूच्या टोपल्या विकणारेही आहेत. अर्धा तास नुसतं बघा. काठ कसा बांधलाय, तळाला आडव्या पट्ट्या किती जाड आहेत, भार कुठे येतो, हे कळलं की पुढे दुकानात शोभेची टोपली आणि कामाची टोपली यांतला फरक लगेच जाणवतो. शोभेच्या टोपलीचा काठ बहुधा गोंदाने नाहीतर बारीक तारेने धरलेला असतो. कामाच्या टोपलीचा काठ विणीतच गुंतवून वळवलेला असतो आणि वर्षानुवर्षं सुटत नाही.

टोपल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुंबईत फार जुनी टोपली शोधू नका. इथल्या दमट हवेत बांबूला बुरशी येते आणि भुंगा लागतो. पन्नास वर्षांची धड टोपली मिळणं कठीण, आणि मिळालीच तर ती कुठल्या घरातून कीड घेऊन आली असेल सांगता येत नाही. त्यापेक्षा बुरुडाने विणलेली चांगली नवी टोपली घ्या आणि तिला आपल्या घरात जुनी होऊ द्या. सुपं घ्यायची असतील तर गौरी-गणपतीच्या आधी दादरच्या बाजारात जा. कोकणातल्या लोकांना ओवशासाठी, म्हणजे गौरीपुढे सुपातून वाण वाहायच्या रीतीसाठी, सुपं लागतात, त्यामुळे त्या दिवसांत ती भरपूर येतात आणि निवडायला वाव मिळतो. जुनी टोपली कुणा नातेवाइकाकडून मिळत असेल तर पांढऱ्या कागदावर हलके आपटा. पिठासारखी बारीक भुकटी पडली तर भुंगा जिवंत आहे. ती टोपली घरात आणू नका, शेजारच्या लाकडी कपाटापर्यंत तो पोचायला वेळ लागत नाही.

आत्याने इथे एक रोवळी उचलली. तळ चौकोनी, तोंड गोल, तांदूळ धुवायची. तिचा चौकोनी तळ फळीवर नीट बसतो, म्हणून कांदे-लसूण ठेवायला तिच्यासारखी दुसरी टोपली नाही. हवा खेळते आणि मोड येत नाहीत. उलटी टांगून दिव्याची छत्री करायची असेल तरी ती सुरेख दिसते, विणीतून भिंतीवर जाळी पडते. फक्त बल्ब एलईडीच हवा. तापणारा बल्ब बांबूजवळ नको.

तिथून अब्दुल रहमान स्ट्रीटने पायधुनीकडे चालत गेलो. वीस मिनिटांची वाट आहे, पण हातगाड्यांमुळे जास्त लागतात. तांबाकाटा हे खरं तांब्या-पितळेचं ठिकाण. नव्या भांड्यांची दुकानं आहेत, आणि घरोघरची जुनी भांडी इथेच मोडीत येतात. इथे एक गोष्ट कराच: त्या दिवशीचा पितळेचा आणि तांब्याचा मोडीचा भाव विचारून घ्या, फोनमध्ये लिहून ठेवा. पुढे चोर बाजारात कुणी परातीची किंमत सांगितली की ती हातात तोलून धातूची किंमत किती आणि जुनेपणाची किती, हे तुम्हालाच कळेल. मोडीला आलेल्या ढिगातून भांडं विकत मिळतं का, हे विचारायला लाजू नका. काही दुकानदार वजनावर थोडं वर घेऊन देतात, काही हात लावू देत नाहीत.

अशाच एका ढिगात आम्हाला घंगाळ दिसलं. तांब्याचं, दोन बाजूंना कड्या, अंघोळीच्या पाण्याचं. आत्या खाली बसली आणि तिने आधी कड्या फिरवून पाहिल्या. कडी जिथे कानात फिरते तिथे धातू आत खोल झिजला होता, आणि कडीही त्याच जागी बारीक झाली होती. “हे बघ, रोज दोन माणसांनी उचललंय हे,” ती म्हणाली. जुनं भांडं ओळखायची याहून पक्की खूण मला माहीत नाही. वस्तू कुठे झिजली आहे ते बघा आणि ती झीज तिच्या कामाशी जुळते का ते विचारा. परात मळणाऱ्या हाताखाली मधोमध गुळगुळीत होते आणि काठाला पोचे पडतात. काथवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, एका अंगाला पातळ होते. कळशी कमरेवर टेकते त्या अंगाला चेपते. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सगळीकडे सारखीच काळी आणि सारखीच खरवडलेली असते.

ठोक्यांचंही तसंच. हाताने घडवलेल्या तांब्याच्या भांड्यावर तांबटाच्या हातोडीचे जे पैलू उठतात, त्याला मठारकाम म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम अजून चालतं. हातचे ठोके रांगेत असतात, पण एकसारखे नसतात. उजेडात भांडं फिरवलं की पैलू वेगवेगळे चमकतात. यंत्राने उठवलेली नक्षी छापील वाटते. आतून बोट फिरवा: ठोका आतही जाणवला पाहिजे.

मग नावं. पूर्वी लग्नामुंजीत भांडी देताना त्यांवर नाव घालून देत. बारीक टिंबांनी किंवा छिन्नीने कोरलेलं देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीख. वयाचा इतका सरळ पुरावा दुसऱ्या कुठल्या वस्तूवर मिळत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत स्टीलने स्वयंपाकघर व्यापलं आणि ही भांडी माळ्यावर गेली, तिथून मोडीत. मी नाव असलेलं भांडं आधी निवडते, आणि ते मांडताना नाव पुढे येईल असं ठेवते. पॉलिशवाला बफिंग करून देतो म्हणाला तर नको म्हणा. यंत्राचं चाक फिरलं की पहिली पुसली जातात ती नावं, मग मठारकामाच्या कडा. एकदा गेलं की परत येत नाही.

तांबाकाट्याहून मोहम्मद अली रोड धरून वर गेलं की मटन स्ट्रीट. थेट यायचं असेल तर पश्चिम रेल्वेचं ग्रँट रोड किंवा मध्य रेल्वेचं सँडहर्स्ट रोड स्टेशन जवळ पडतं. दुकानं अकराच्या पुढे रंगात येतात. इथे जहाजांचे दिवे, ग्रामोफोन, जुन्या जाहिरातींचे पत्रे यांत वेळ कसा जातो कळत नाही, म्हणून आधीच ठरवून जा की आपल्याला भांडीच बघायची आहेत. भाव सुरुवातीला चढाच सांगतात. घासाघीस हसतखेळत करा, पण वस्तू आवडली आहे हे चेहऱ्यावर आणू नका. एक प्रश्न मात्र थेट विचारा: “भाईसाब, पुराना है या ॲन्टिक फिनिश?” असं सरळ विचारलं की बहुतेक जण सरळ उत्तर देतात. मुरादाबादसारख्या ठिकाणी नवं पितळ काळवून जुन्यासारखं बनवतात. घरात ते वाईट दिसत नाही, पण त्याला जुन्याचा भाव देऊ नये.

खिशात लोहचुंबक हवाच. पितळ, तांबं, कासं यांना तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वर मुलामा. काशाची वाटी बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारा. नाद बराच वेळ घुमला तर वाटी अभंग आहे, ठस्स आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर गेली आहे. कासं ठिसूळ असतं, पडलं तर पोचा न पडता फुटतं. चिनी मातीच्या बरण्यांनाही हीच परीक्षा.

मला सर्वांत आनंद झाला तो धान्याची जुनी मापं मिळाली तेव्हा. चिपटं, मापटं, शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, म्हणजे प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. फळीवर ओळीने मांडली की ही चढती रांग इतकी देखणी दिसते की आणखी काही ठेवावंच लागत नाही. देशात मेट्रिक मापं ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, त्यामुळे खरोखर वापरातलं शेराचं माप बहुतेक त्याआधीचं. काठ बघा: तांदूळ सपाट करायला काठावरून पट्टी फिरायची, तिथे तो गुळगुळीत झालेला असतो.

आता घरी आणल्यावर. पहिली गोष्ट धुणं. चिंच आणि मीठ किंवा पितांबरी, मऊ कापड, मग ताबडतोब कोरडं करणं. खोबणीतला काळेपणा राहू द्या, त्यामुळेच नक्षी वाचता येते. समुद्राच्या हवेत पितळ लवकर काळवंडतं, म्हणून पारदर्शक लॅकर मारायचा मोह होतो. तो टाळा. लॅकर जागोजाग सुटला की खाली डाग पडतात आणि सगळा काढावा लागतो. मेणाचा पातळ हात पुरतो. भांड्यात खायचं असेल तर तांब्या-पितळेला आतून कल्हई हवीच, तीही शुद्ध कथलाची. करणारे तांबाकाट्याच्या बाजूला चौकशी केली की सापडतात. काथवटीला वर्षातून एक-दोनदा खाद्यतेलाचा हात द्या आणि तिच्यात फळं ठेवा, पाणी साठवू नका.

घंगाळात पाणी भरून फुलं सोडायची पद्धत आता सगळीकडे दिसते. सुंदर दिसतं, पण मुंबईत डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पाणी फेका आणि आतला काठ घासा, कारण अंडी काठाला चिकटलेली असतात. जमणार नसेल तर घंगाळ कोरडं ठेवा, त्यात कुंडी बसवा किंवा दाराजवळ छत्र्या ठेवा. घंगाळाला भोक पाडून बेसिन करतात ते मला पाहवत नाही. एकदा भोक पडलं की त्यात पाणी राहत नाही, आणि तेच तर त्याचं काम होतं.

सुपं, परड्या भिंतीवर लावायच्या असतील तर आतल्या भिंतीवर लावा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि महिनाभरात बांबूवर पांढरी बुरशी धरते. जूनच्या आधी सगळ्या टोपल्यांना कडक ऊन दाखवा, विणीतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. पूर्वी सुपाला भिजवलेला कागद आणि मेथीचा लेप देत, त्याने फटी बुजतात आणि सूप टणक होतं. पुष्कळ वर्षं वापरायचं असेल तर हे अजूनही करण्यासारखं आहे. जड परात भिंतीवर लावू नका. तिला फळीवर उभी टेकवा, खाली रबराचा तुकडा.

निघताना टेप आणि घरच्या जागेची मापं जवळ असू द्या. दुकानात लहान वाटणारं घंगाळ आपल्या ब्लॉकच्या दारात अडतं. टॉर्च, जुनी चादर, जाड कापडी पिशवीही घ्या. खरेदी दुपारी तीनच्या आत आटपा. संध्याकाळच्या लोकलमध्ये घंगाळ घेऊन चढणं अशक्य आहे. मोठी वस्तू असेल तर सरळ लगेजच्या डब्यात चढा, आम्ही मुलुंडपर्यंत तसंच आणलं.

परदेशातल्या भावाबहिणीला पाठवायचं मनात असेल तर एक ध्यानात ठेवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. नाव आणि तारीख कोरलेलं भांडं घेतलं असेल तर वयाचा पुरावा त्याच्या अंगावरच असतो. दुकानदाराकडून बिल घ्या, त्यावर वस्तूचं वर्णन लिहून घ्या, आणि वयाबद्दल जरा जरी शंका असेल तर ती वस्तू इथेच, आपल्या घरात राहू द्या.