बंद घरातही पळणारं मीटर

'आमचं मीटर फास्ट आहे' असं म्हणून बोलावणारी माणसं बहुतेक वेळा चुकीची असतात. वायरमनच्या धंद्यात हे लवकर कळतं. पण या काकांकडे वही होती. दर रविवारी सकाळी मीटरचं रीडिंग आणि शेजारी तारीख, अशी पानंच्या पानं. त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. पाऊस लागला की युनिट चढायचे आणि जमीन वाळली की उतरायचे. घरात पंखे चालतात ते उन्हाळ्यात, मग हे उलटं कसं?

काटकसरीत कुठे कमी नव्हती. 60 वॅटचे बल्ब जाऊन 9 वॅटचे एलईडी आले होते. काकू रात्री फ्रीजसुद्धा बंद करायच्या. त्यात फारसं काही वाचत नाही, हे मी त्यांना सांगून टाकलं. गेलेली थंडी परत आणायला सकाळी कॉम्प्रेसर जास्त वेळ धावतो, आणि आतलं अन्न खराब होण्याची भीती वेगळीच.

सगळी बटणं बंद करायला लावली, प्लग उपसले आणि मीटरसमोर जाऊन उभा राहिलो. त्यावर छापल्याप्रमाणे तांबडा दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरात काहीही चालू नसताना तो दर तीन सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे तासाला 1200 वेळा, 375 वॅट. दिवसाला 9 युनिट, महिन्याला 270. पाच जुने पंखे रात्रंदिवस फिरावेत एवढी वीज.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" काका.

मी मेन स्विच खाली पाडला. दिवा थांबला. मीटर शहाणं होतं. वीज घराच्याच वायरिंगमधून कुठेतरी जात होती.

डीबी, म्हणजे घराच्या सगळ्या लाइन जिथून फुटतात तो बॉक्स, उघडला आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारं यंत्र, होता, पण नावापुरता. कोणीतरी त्याच्या दोन्ही बाजूंना वायरीचे तुकडे टाकून तो बायपास केला होता. "सारखा पडायचा हो. आधीच्या माणसाने कायमचा बंदोबस्त करून दिला," काका कौतुकाने म्हणाले. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) तेवढाच परत येतो की नाही, एवढंच हे यंत्र पाहतं. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की ते क्षणात लाइन तोडतं. माणसाचा जीव वाचवायला तेच असतं. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा प्रत्येक लाइनचा स्विच; त्याचं काम वायर जळू न देणं. 16 अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट कळतही नाही.

मेन पुन्हा चालू करून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजणाऱ्या मीटरच्या, जबड्यात धरल्या. धड घरात जाणारा आणि परतणारा करंट सारखाच, म्हणून आकडा शून्याच्या आसपास असतो. इथे 1.6 अँपिअर. आरसीसीबी ज्याला पडतो त्याच्या पन्नासपटीहून जास्त, तेही न थांबता. एकेक एमसीबी पाडत गेलो. 'बाहेर' असं पेनने लिहिलेला पाडला आणि आकडा गेला.

"बाहेर काय आहे?"

"काही नाही. अंगणात खांबावर दिवा होता, तो काढून टाकला."

दिवा काढला होता, वायर जमिनीतच होती. त्या दिव्याचं बटण कित्येक वर्षं बंद होतं, तरी एमसीबी पुन्हा चढवून वायरीवर टेस्टर लावल्याबरोबर तो पेटला. कारण बटण फेजवर नव्हतं, न्यूट्रलवर होतं! अशा जोडणीत दिवा विझतो, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण होल्डरपर्यंत वीज हजरच असते. हा प्रकार मला अजूनही अधूनमधून सापडतो आणि प्रत्येक वेळी डोकं फिरतं.

मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि मग खणलं. वीतभर खाली काळ्या टेपचा जॉइंट निघाला. टेप सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं. माती ओली असली की वीज तिथून सरळ जमिनीत जायची, कोरडी असली की कमी. वहीतल्या पावसाचा उलगडा झाला.

एवढ्यात काकू आल्या आणि खड्ड्याकडे बघून म्हणाल्या, "इथेच तर पाणी घालताना माझ्या पायाला मुंग्या येतात." अनवाणी, ओल्या आळ्याशेजारी. वयामुळे असेल म्हणून त्या गोळ्या घेत होत्या. मला काही क्षण बोलताच येईना. अशा जागी जमिनीवर दोन पावलांमध्येच व्होल्टेजचा फरक असतो. त्या जॉइंटला चुकून हात लागला असता तर मुंग्यांवर भागलं नसतं.

ती वायर डीबीपासूनच काढून टाकली. सगळं बंद ठेवून पुन्हा पाहिलं, मीटरचा दिवा शांत. राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचे प्लग लावले तेव्हा पाऊण मिनिटाला एकदा लुकलुकला. साधारण 25 वॅट, दिवसाला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. ते वाचवायचं तर जरूर वाचवा म्हटलं, पण नऊ युनिट गळत असताना त्याच्यामागे धावण्यात अर्थ नव्हता. काकांनी जुन्या बिलांचे पैसे परत मिळतील का विचारलं. मीटरने मोजलेली वीज खरोखरच गेली होती, मग कोण देणार?

नवा आरसीसीबी बसवला, टेस्ट बटण दाबून तो पडतो हे काकांना दाखवलं. महिन्यातून एकदा दाबा म्हणालो. तासाभरात तो आपणहून पडला. काकांच्या चेहऱ्यावर 'हेच तर होतं' स्पष्ट दिसत होतं. एकेक वस्तू लावत गेलो, तर इस्त्री लावली की पडायचा. आतलं इन्सुलेशन गेलं होतं, बॉडीला करंट येत होता. काकू म्हणाल्या, "पण तापते छान." ही इस्त्री पुन्हा कुठल्यातरी बोर्डात जाणार हे दिसत होतं, म्हणून त्यांच्यादेखत मी तिची पिन कापली.