तुम्ही विचारलंत म्हणून: डॉपलरचे दोन आकडे जुळत का नाहीत?

मानेच्या डॉपलरचे, म्हणजे रोहिणीतल्या रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीचे, दोन रिपोर्ट टेबलावर ठेवून नातेवाईक विचारतात, "पेशंट तोच, आठवडाही तोच, मग इथे 170 आणि तिथे 240 कसे?" कोण चुकलं, हा पुढचा प्रश्न बहुतेक जण गिळतात. मला तोही ऐकू येतो.

मशीनला रक्ताचा वेग दिसत नाही. तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींच्या वारंवारतेत किती फरक पडला, एवढंच त्याला कळतं. त्यावरून वेग काढायला लहर आणि प्रवाह यांच्यातला कोन लागतो, आणि तो पडद्यावरची रेघ फिरवून आम्ही हातानं देतो. 30 अंशांच्या जागी 35 धरले तर वेग सहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. 60 च्या जागी 65 धरले तर 18 टक्के. म्हणून 60 च्या वर जायचं नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच पढवलेलं असतं. हा निष्काळजीपणा नव्हे, भूमिती आहे.

एक बाई वडिलांना घेऊन आल्या होत्या. वडिलांचा उजवा हात काही मिनिटं लुळा पडून पुन्हा चालू झाला होता. आधीच्या रिपोर्टात डाव्या बाजूला 240 सेंटिमीटर प्रति सेकंद. वाट अरुंद झाली की रक्त जोरात धावतं; वेग 230 च्या वर गेला की रोहिणीतला अडथळा 70 टक्के किंवा जास्त धरतात, त्यामुळे ऑपरेशन ठरत आलं होतं. मेंदूकडे जाणारी रोहिणी नागमोडी होती. प्रोब (मानेवर टेकवतो तो यंत्राचा भाग) तिरका करत करत 60 अंश साधले, आकडा आला 170. बाईंना पटेना. मग मी चित्र फ्रीझ केलं आणि त्यांच्यादेखत नुसती रेघ 70 अंशांवर नेली. 170 चे 248 झाले.

"चित्र तर थांबलेलं आहे," त्या म्हणाल्या. "मग बाबांचा खरा आकडा कोणता?"

60 अंशांचा जास्त भरवशाचा, एवढंच मी म्हणालो. "खरा" म्हणवेना. वाकलेल्या नळीत अडथळ्यातून सुटलेली धार भिंतीला समांतर जाईलच असं नाही. रेघ भिंतीला लावायची की धारेला, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, अडथळा 65 टक्क्यांच्या आसपास निघाला. सहकारी म्हणाले, तुझंच बरोबर. पण लक्षणं दिसलेल्या माणसात 50 ते 69 टक्क्यांनाही ऑपरेशनचा फायदा होऊ शकतो, त्यामुळे न्यूरोलॉजिस्ट आणि सर्जन यांचं एकमत होईना. माझ्या 170 नं त्या लेकीचा घोर काही कमी झाला नाही.

शिकत असताना मी तावातावानं म्हणायचो, एवढं हातावर अवलंबून असेल तर आकडा छापताच कशाला? आज त्या विद्यार्थ्याला उत्तर देतो: त्याच हातानं, त्याच कोनात सहा महिन्यांनी पुन्हा बघितलं तर वाढ कळते, म्हणून. तो म्हणतो, मग पल्ला लिहा, 150 ते 190. तसं लिहून पाहिलं, तर पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला: "एक आकडा द्या." त्यांचंही खोटं नाही. त्यांना 230 च्या अलीकडे की पलीकडे हे ठरवायचं असतं, तेही त्याच दिवशी. सध्या मी आकड्याशेजारी कोन लिहितो. दोन रिपोर्ट घेऊन याल तेव्हा आधी तो बघा, आणि सोबतच्या प्रिंट फेकू नका.