नेरूळच्या मीटर-रूममधली सातेरी मधमाशी: पेटीत बसेपर्यंतची नोंद

जागा: मीटर-रूममधलं जुनं लाकडी कपाट. समांतर सात पोळी, म्हणजे सातेरीच. आग्या माशीचं एकच मोठं उघडं पोळं असतं आणि ते पेटीत राहत नाही. स्लॅबखालच्या आग्याच्या वाटेला जाऊच नका.

आधी इलेक्ट्रिशियनकडून वीज बंद. काम दुपारी उशिरा. नारळाच्या सोडणांचा धूर दोन-तीन फुंकर, बास. जास्त दिला की राणी फटीत शिरते आणि मग शोधत बसा.

मधाची पोळी सरळ झाकणाच्या डब्यात. ती पेटीतल्या लाकडी चौकटीत बांधायचा मोह होतो, पण मऊ पोळं वजनानं सुटतं, मध ठिबकतो, मुंग्या येतात आणि सातेरी पेटी सोडून जाते. सातेरी पळून जाण्यात पटाईतच. अंडी-अळ्यांची चार पोळी मात्र जपून घेतली: वरची कड सुरीनं सरळ कापून चौकटीच्या वरच्या पट्टीला घट्ट टेकवली, सुती दोऱ्यानं दोन जागी बांधली. वरची बाजू वरच हवी, कारण घरं तोंडाकडे किंचित वर चढती असतात.

राणी पेटीत गेली की बाकीच्या रांगेनं आत शिरतात. अंधार पडेपर्यंत पेटी तिथेच, मग दार जाळीनं बंद करून बेलापूरला, परसातल्या आंब्याखाली. फार जवळ ठेवली असती तर उडणाऱ्या माश्या जुन्या जागी परतल्या असत्या. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. साखर-पाणी समप्रमाणात, रात्रीच आणि पेटीच्या आत; दिवसा दिलं की बाहेरच्या माश्या लुटायला येतात.

दारावरची राणीजाळी (कामकरी माश्या जातात, पण राणी आणि नर अडतात अशी जाळी) चार-पाच दिवसांत काढली. जास्त ठेवली तर नर आत कोंडतात. शिवाय जुनी राणी पोळी कापताना मेली असेल, तर नव्या राणीला मिलनासाठी बाहेर पडावंच लागतं.

सध्या: कुरतडलेल्या दोऱ्याचे तुकडे दाराबाहेर, पोळी पट्टीला चिकटलेली, पायांवर पराग येतोय. घरांच्या तळाशी एकेकच अंडं, म्हणजे राणी आहे. एका घरात तीन-चार दिसली असती, तर राणी नसल्यानं कामकरी माश्यांनीच अंडी घालायला घेतलीत असं समजायचं.

कपाटातलं मेण खरवडून, धुऊन फट बुजवली. नाहीतर वासानं पुढचा थवा तिथेच येतो. राहिलं एकच: काळं पडलेलं कडेचं पोळं. त्यातल्या अळ्यांच्या माश्या होऊन बाहेर पडल्या की ते काढायचं, मेणकिडा (पोळं पोखरणारी पतंगाची अळी) तिथूनच सुरू होतो.